गाळ काढायलाच हवा, पण सही करण्याआधी हुसेनसागर बघा



बंदरातला गाळ काढायला संस्थेने ना हरकत पत्र द्यावं, ही मागणी आता तिसऱ्यांदा आली आहे. ग्रुपवर दोघातिघांनी लिहिलं की सेक्रेटरी फाईल दाबून बसलाय. फाईल दाबलेली नाही, माझ्या टेबलावरच आहे, ज्याला बघायची त्याने येऊन बघावी. पत्रावर सही का झाली नाही, ते आज सविस्तर लिहितो. लांबेल जरा. जाळी शिवता शिवता कोणाकडून तरी वाचून घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. गाळ काढू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. ओहोटीला बोटी चिखलात बसतात हे मला कोणी सांगायला नको. भांगाच्या दिवसांत तर भरतीलासुद्धा पुरेसं पाणी चढत नाही. बोट बाहेर मुखाशी ताटकळते, बर्फ वितळतो, लिलावाची वेळ टळते आणि सकाळी ज्या मालाला भाव होता त्याच मालाला दुपारी हात जोडावे लागतात. पंखा तुटला, शाफ्ट वाकला, तळ घासला, हा खर्च वेगळाच. मोठ्या बोटीवाल्यांचा राग मला समजतो. त्यांचं कर्ज थांबत नाही.

पण आपल्या बंदरात गाळ दोन प्रकारचा आहे, आणि पत्रात दोन्हीला एकच शब्द आहे. मुखाकडचा गाळ म्हणजे रेती आणि पावसात वरून येणारी तांबूस माती. तो काढला तर फारसं बिघडणार नाही. आतल्या अंगाला, जिथे नाला खाडीला मिळतो, तिथला गाळ काळा आहे. पाय घातला तर पोटरीपर्यंत जातो, वर तेलाचा तवंग येतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पूर्वी त्याच जागी तिसऱ्या मिळायच्या, निवट्या मिळायच्या. आता तिथे कोणी टोपली घेऊन जात नाही. वरच्या बाजूला कारखाने आले, वसाहती आल्या, आणि त्यांचं सगळं त्या नाल्यातून इथे येऊन बसलं.

बसलं, हा शब्द महत्त्वाचा आहे. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम असले जड धातू पाण्यात फार काळ तरंगत राहत नाहीत, ते बारीक चिकणमातीला धरून तळाला जातात. त्या काळ्या चिखलात हवा नसते आणि गंधक असतं. त्यामुळे बरेचसे धातू तिथे गंधकाशी बांधले जाऊन एका जागी पडून राहतात. झोपलेल्या सापासारखं समजा. आता त्यात पोकलेन घातला, चिखल ढवळला, वरचं पाणी आणि हवा आत गेली, की त्यातलं काही सुटं होतं. शिवाय त्या चिखलात कुजलेलं इतकं असतं की ते पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि मासळी गुदमरून वर येते. बारीक गाळ ओढीबरोबर खाली जातो आणि जिथे अजून कालवं, खुबे, तिसऱ्या जिवंत आहेत त्यांच्यावर जाऊन बसतो. डोल लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, जाळ्याच्या खोळीत करंदीऐवजी काय येईल ते.

मग काळा गाळ तसाच ठेवायचा का? नाही. काढायचा, पण कसा आणि कोणत्या क्रमाने, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचं उत्तर मला समुद्रावर नाही मिळालं, हैदराबादला मिळालं.

तुम्ही म्हणाल, हैदराबादला समुद्र कुठे? समुद्र नाही, पण आपली बरीच सूत्रं तिथेच आहेत. मासळी कुठल्या भागात मिळेल याचा जो अंदाज आपल्या मोबाईलवर येतो, वादळाचा आणि उंच लाटांचा जो इशारा येतो, तो काढणारी इन्कॉइस ही संस्था हैदराबादची. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं मुख्य कार्यालयही तिथलंच, आणि इमारत चक्क माशाच्या आकाराची आहे. (आपल्यातल्या एकाने विचारलं होतं की हा पापलेट की हलवा. मला तर कटला वाटला.) संस्थेच्या कामासाठी तिथे गेलो होतो, तेव्हा हुसेनसागर बघितला. नंतर त्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

हुसेनसागर हा तलाव कुतुबशाहीतला, 1560 च्या दशकात बांधलेला. एके काळी शहर त्याचं पाणी प्यायचं. 1908 साली मुसी नदीला महापूर आला, त्यानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, आणि हुसेनसागर हळूहळू शोभेचा तलाव झाला. मग शोभेचाही राहिला नाही. चार मोठे नाले त्यात येतात: कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बलकापूर. त्यातला कुकटपल्ली नाला सगळ्यात वाईट. बालानगर, सनतनगर, जीडीमेटला या औद्योगिक भागांचं पाणी वर्षानुवर्षं त्यातून तलावात आलं. घरांचं सांडपाणी वेगळं. वर रस्त्यावर दिव्यांची माळ, बोटिंग, भेळ, आणि तळाला काय साचलंय हे वास सुटल्यावरच आठवायचं.

तलावात मध्यभागी बुद्धाची मोठी मूर्ती आहे, बहुतेकांनी फोटोत पाहिली असेल. 1990 साली ती तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला, माणसं गेली आणि मूर्ती तळाला गेली. अडीच वर्षांहून जास्त काळ ती पाण्याखाली होती, डिसेंबर 1992 मध्ये वर काढून उभी केली. मूर्ती वर काढता आली. तळाचा चिखल काढणं त्याहून कठीण निघालं.

2006 साली जपानकडून कर्ज घेऊन तलाव सुधारण्याची मोठी योजना झाली. नाल्यांचं पाणी आधीच अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवायचं, तलावाकाठी शुद्धीकरण केंद्रं वाढवायची, आणि नाल्यांच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायचा. कागदावर क्रम बरोबर होता. गाळ काढलाही. पण नाले पूर्ण बंद झाले नाहीत. पाऊस पडला की नाला भरून वाहतो, अडवलेलं पाणी वरून उडी मारून तलावात येतं, आणि काढलेल्या जागी पुन्हा थर. वास सुटला की जिवाणूंची औषधं फवारायची, पुन्हा काही दिवस बरं, पुन्हा तेच.

मग 2015 साली तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, के. चंद्रशेखर राव यांनी, वेगळाच विचार मांडला. तलाव पूर्ण रिकामा करायचा, तळ उघडा पाडायचा, गाळ उचलायचा आणि पावसात पुन्हा भरायचा. ऐकायला किती सोपं! आपल्याकडेही ‘एकदाच काय ते साफ करून टाका’ म्हणणारे आहेतच. तिथल्या जाणकारांनी लगेच विचारलं की हा विषारी गाळ ठेवणार कुठे? हे सोडलेलं पाणी मुसीतून कोणाच्या शेतात जाणार? प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. तलाव काही तसा रिकामा झाला नाही. गाळ टाकण्यासाठी शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणींचं नाव निघालं, तर तिथल्या लोकांनी हरकत घेतली. घेणारच. तुमचा गाळ त्यांच्या विहिरीशेजारी का?

त्याच वेळी कुकटपल्ली नाल्याचं पाणी तलावात न सोडता बाजूने पाइपने पुढे न्यायचं कामही झालं. पुढे म्हणजे मुसीकडे. त्याआधी पटनचेरूच्या कारखान्यांचं पाणी 18 किलोमीटरची पाइपलाइन टाकून शहरातल्या गटारवाहिनीत आणि तिथून अंबरपेटच्या केंद्राकडे आणलं होतं, तेही शेवटी मुसीलाच. म्हणजे पटनचेरूचा ओढा वाचवायला घाण शहरात आली, तलाव वाचवायला घाण नदीत गेली. मुसीच्या खालच्या बाजूला भातशेती आहे, जनावरांचा चारा आहे, आणि आपल्यासारखेच जाळं टाकणारे लोक आहेत. त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्याकडे ना हरकत पत्र मागायलाही कोणी गेलं नसणार.

आपण खाडीच्या शेवटच्या टोकाला राहणारी माणसं. म्हणून हुसेनसागरची गोष्ट ऐकताना मला तलावाजवळचे लोक आपले वाटत नाहीत, मुसीच्या खालचे लोक आपले वाटतात.

आता आपल्याकडे आलेलं पत्र परत वाचा. त्यात गाळ किती काढणार ते आहे, किती दिवसांत काढणार ते आहे. गाळात काय आहे, ते नाही. वरचा नाला कोण आणि कधी बंद करणार, ते नाही. काढलेला गाळ कुठे जाणार, या रकान्यात ‘योग्य ठिकाणी’ एवढंच लिहिलंय. योग्य ठिकाण म्हणजे कुठलं? काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका बंदरात गाळ काढला, तेव्हा योग्य ठिकाण म्हणजे तिवरांच्या मागची दलदल निघाली. पहिल्याच उधाणाला अर्धा गाळ परत खाडीत आला. बिल मात्र पूर्ण निघालं. आणि मिठी नदीचं ताजं उदाहरण आहेच. 2025 साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गाळ काढण्याच्या कंत्राटांबद्दल सुमारे 65 कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. आरोपांतला एक असा की गाळ टाकायच्या जागांचे करारच खोटे दाखवले. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण आपण ‘योग्य ठिकाणी’ या दोन शब्दांवर सही करायची का?

जगात हे काम नीट झालेलं आहे का, तर आहे. जपानच्याच मिनामाटा खाडीत. तिथल्या चिस्सो कारखान्याने वर्षानुवर्षं पारा खाडीत सोडला. 1956 साली आजार उघड झाला. मासळी खाणारी, म्हणजे आधी मच्छीमारांचीच घरं गेली. पाऱ्याचं पाणी सोडणं थांबलं 1968 ला, म्हणजे आजार कळल्यावर बारा वर्षांनी, हे आधी लक्षात घ्या. जपान म्हणून सगळं लगेच झालं असं नाही. 1974 साली खाडीच्या तोंडाला जाळं लावलं, विषारी मासळी बाहेर जाऊ नये म्हणून. गाळाचं काम 1977 ला सुरू झालं, मध्ये कोर्टात अडकलं, कारण गाळ ढवळला तर विष पसरेल ही तिथल्या लोकांचीही भीती होती. शेवटी 1990 ला संपलं. गाळ फावड्याने उकरला नाही, कमीत कमी ढवळेल अशा यंत्राने शोषून घेतला. समुद्रात लांब नेऊन ओतला नाही, खाडीच्याच एका भागाला लोखंडी पत्र्यांची भिंत घालून त्यात भरला, वर चांगली माती टाकून बंद केला. 58 हेक्टर जमीन अशी तयार झाली. तोंडावरचं जाळं निघालं 1997 ला. तोपर्यंत मासळी तपासत राहिले.

आधी नळ बंद, मग तपासणी, मग जागा, मग गाळ. हुसेनसागरला याच क्रमात गडबड झाली, आणि आपल्या पत्रात तर सुरुवातच शेवटापासून आहे.

आता एक कडू विषय. कमिटीत एका ज्येष्ठ नाखव्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, “सेक्रेटरी, तपासणी नको. उद्या गाळात पारा निघाला, पेपरात आलं, तर आपल्या बंदराची मासळी कोण घेईल? गिऱ्हाईक बोंबील खाडीतला की दर्यातला हे विचारत बसत नाही.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपला बहुतेक माल बाहेरच्या दर्यातला आहे आणि नाव मात्र बंदराचं लागतं. मच्छी विकायला बसणाऱ्या बायांना पहिला फटका बसेल, हेही खरं.

तरी माझं मत तपासणीच्या बाजूनेच आहे. कारण असं की बातमी आपण दाबली म्हणून दबणार नाही, उद्या गाळ ढवळल्यावर मासळी मरून वर आली तर तीच बातमी दुप्पट मोठी होऊन येईल, आणि तेव्हा आपल्या हातात एकही कागद नसेल. तपासणी आपण मागायची, गाळाची वेगळी आणि मासळीची वेगळी, खाडीतल्या मासळीची आणि दर्यातल्या मासळीची पुन्हा वेगळी. म्हणजे बाहेरचा माल चांगला आहे हे आपल्यालाच कागदावर दाखवता येईल. खाडीतल्या कुठल्या जागेच्या तिसऱ्या खाऊ नयेत हे कळलं, तर आधी आपल्याच पोरांच्या ताटातून त्या निघतील. हे कोणाला नको आहे?

आणि कागदाची किंमत उरण-पनवेलच्या आपल्या बांधवांना विचारा. जेएनपीटीच्या कामामुळे तिवरं गेली, भरतीच्या वाटा अडल्या म्हणून ते हरित लवादात गेले. फेब्रुवारी 2015 मध्ये पुण्याच्या लवादाने 1630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाखांच्या भरपाईचा आदेश दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते सोपं काम नव्हतं. पण कुटुंबं किती, धंदा काय, नुकसान काय, हे मांडता आलं म्हणून तिथवर पोचले. आपल्याकडे काम सुरू होण्याआधीची मासळी किती होती याची नोंद कोणाकडे आहे? बोटीवाल्यांकडे डिझेलची आणि लिलावाची बिलं तरी असतात. खाडीत पाग टाकणाऱ्याकडे, तिसऱ्या वेचणाऱ्या बाईकडे काय आहे? तिची भरपाई मागायची वेळ आली तर ती धंद्यात होती हेच सिद्ध करावं लागेल.

तपासणी कशी, तेही लिहून देऊ. वरचा चिखल डब्यात भरून नेला तर उपयोग नाही. सगळ्यात जुनी घाण खाली असते, म्हणून नळी खोल घालून थरांचे नमुने घ्यायचे, नाल्याच्या तोंडाशी, मधल्या भागात आणि मुखाशी. नमुने घेताना आपली दोन माणसं हजर, नमुन्यावर आपल्याही सह्या. पैसे काम काढणाऱ्याने द्यायचे, संस्थेने नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र मुंबईत आहे, गाळ आणि प्रवाहाचा अभ्यास करणारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. कोणीतरी ओळखीच्या लॅबचा शिक्का नको. तपासणीत गाळ घातक निघाला तर तो साध्या मातीसारखा भरावात, शेतात किंवा बाहेरच्या दर्यात टाकता कामा नये, हे पत्रात लेखी हवं.

कामाच्या दिवसांबद्दल माझं मत काहींना पटणार नाही. त्यांना काम बंदीच्या काळात हवंय, 1 जूननंतर, कारण तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात आणि धंदा बुडत नाही. पण बंदी कशासाठी आहे? मासळीला अंडी-पिल्लांसाठी वेळ मिळावा म्हणूनच ना? आणि त्यातली कितीतरी पिल्लं खाडीतच वाढतात. आपण बोटी वर काढायच्या आणि त्यांच्या घरात पोकलेन घालायचा, हे मला बरोबर वाटत नाही. शिवाय पावसाळी पाण्याची ओढ गाळ कुठून कुठे नेईल सांगता येत नाही. त्यापेक्षा हिवाळ्यात भांगाचे दिवस धरून काम करावं, तेव्हा ओढ कमी असते, ढवळलेला गाळ लांब जात नाही. कामाच्या भोवती पडदा लावावा. अर्धं बंदर एका वेळी. बोटीवाल्यांना गैरसोय होईल, त्या दिवसांची भरपाई मागू. भांडायचं तर यासाठी भांडू.

मधला मार्गही आहे, तो मी कमिटीपुढे ठेवला आहे. मुखाकडची रेती आणि तांबडी माती, जिथे बोटी खरंच अडकतात, ती तपासून आधी काढायला हरकत नाही. तेवढ्यापुरतं पत्र लगेच देऊ. नाल्याच्या तोंडाचा काळा गाळ मात्र नाल्याचं पाणी अडवल्याशिवाय, तपासणीशिवाय आणि जागेचं नाव-सर्व्हे नंबर लिहून दिल्याशिवाय कोणी हलवायचा नाही. काम मिळवणाऱ्यांना दोन्ही एकत्रच हवंय, कारण बिल घनमीटरवर निघतं. ती त्यांची अडचण आहे, आपली नाही.

ठरावाचा मसुदा संस्थेच्या ऑफिसात लावला आहे आणि फोटो खाली जोडला आहे. रविवारी संध्याकाळी सभा आहे, भरती रात्रीची असल्याने बोटीवाल्यांनाही जमेल. खाडीवर जाणाऱ्या बायांनी या वेळी नक्की यावं, सभासद-पुस्तक नसलं तरी चालेल. येताना प्रत्येकीने कुठल्या जागी काय वेचते, आठवड्यात साधारण किती मिळतं, पूर्वी किती मिळायचं, एवढं कागदावर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या. आम्ही वही उघडली आहे, पहिली नोंद त्याचीच होईल.

– सेक्रेटरी